रॅपिडॅनकाठचे अध्यक्ष

गुडघाभर थंडगार पाण्यात एक गृहस्थ उभे आहेत. पायांत मांड्यांच्याही वर पोहोचणारे रबरी बूट, अंगात मात्र गडद रंगाचा कोट, ताठ पांढरीशुभ्र कॉलर आणि नीट बांधलेला टाय. हातातली लवचिक काठी मागे-पुढे झुलते आहे, तिच्या टोकाची दोरी हवेत वळसा घेऊन अलगद पाण्यावर उतरते आहे. अमेरिकेचे एकतिसावे अध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांची ही छबी त्या काळच्या वृत्तपत्रवाचकांना चांगलीच परिचयाची होती. तिच्याकडे पाहून लोक प्रथम कौतुकाने हसले आणि दोन-तीन वर्षांतच तिचा राग करू लागले.

हूव्हर यांचा जन्म १० ऑगस्ट १८७४ रोजी आयोवा राज्यातल्या वेस्ट ब्रँच या लहानशा गावी, एका क्वेकरपंथी लोहाराच्या घरी झाला. सहा वर्षांचे असताना वडील गेले, नऊ वर्षांचे असताना आई. तीन भावंडांची तीन घरी पांगापांग झाली. आयोवातल्या ओढ्यांवर या मुलाचे मासे पकडणे अगदी गावठी पद्धतीचे होते. वाळुंजाची काठी, खाटकाकडची सुतळी, दहा सेंटांना दहा मिळणारे गळ आणि आमिष म्हणून मातीतले गांडूळ. गांडुळावर थुंकल्याशिवाय मासा लागत नाही, अशी तिथल्या पोरांची पक्की समजूत होती आणि छोटा बर्टही ती इमानेइतबारे पाळत असे.

अकराव्या वर्षी त्याला पार पश्चिमेकडे, ऑरेगन राज्यातल्या न्यूबर्ग येथे मामाकडे पाठवण्यात आले. मामा डॉ. मिंथॉर्न यांचा स्वतःचा मुलगा नुकताच वारला होता. घर कर्तव्यकठोर होते, मायेचा ओलावा बेताचाच. घोड्यांना दाणापाणी करायचे, लाकडे फोडायची, शाळेत जायचे आणि रविवारी क्वेकरांच्या सभेत तासन्तास निःशब्द बसायचे, हा दिनक्रम. या मुलाच्या आयुष्यात सुखाची म्हणावी अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे डोंगरातून खळाळत येणाऱ्या नद्या. तिथेच एका भल्या मच्छीमाराने त्याला पिसांच्या तीन कृत्रिम माश्या दिल्या. त्या तीन माश्यांवर त्याने बराच काळ काढला. पिसे झडून गेली, दोरा उसवला, तरी ट्राऊट मासे त्यांच्यावर झडप घालतच राहिले. म्हातारपणी हूव्हर हा किस्सा सांगत तेव्हा, त्यानंतरच्या काळात ट्राऊटचा माणसावरचा तो भाबडा विश्वास पार उडाला, अशी मिश्कील खंतही व्यक्त करीत.

हा प्रकार नेमका काय, हे आपल्याकडच्या वाचकाला थोडे सांगायला हवे. आपल्याकडे गळ टाकणे म्हणजे आमिषाच्या वा शिशाच्या वजनाने दोरी पाण्यात सोडणे. फ्लाय फिशिंगमध्ये आमिषाला वजनच नसते. गळावर रेशीम आणि पिसे गुंडाळून केलेला तो एक नुसता आभास असतो, पाण्यावर उतरणाऱ्या एखाद्या कीटकाचा. वजन असते ते दोरीत. ती दोरी काठीच्या झोक्याने मागे उलगडू द्यायची, क्षणभर थांबायचे आणि मग पुढे सोडायची. त्या क्षणभराच्या थांबण्यातच सारी विद्या आहे. मासा प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने तोंड करून वाहून येणाऱ्या भक्ष्याची वाट पाहत असतो. त्याच्या डोक्यावरून दोरीची सावली सरकली, किंवा पिसांची माशी प्रवाहापेक्षा जराही वेगळ्या चालीने वाहिली, की तो नाहीसा होतो. घाईच्या माणसाचा हा खेळ नव्हे. हूव्हर स्वभावाने कमालीचे घाईचे, पण पाण्यात उतरले की वेगळेच होत.

मधला काळ वेगाने सरला. १८९१ मध्ये नव्याने सुरू झालेल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पहिल्या तुकडीत प्रवेश, भूगर्भशास्त्राची पदवी, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या सोन्याच्या खाणी, १८९९ मध्ये लू हेन्री या सहाध्यायिनीशी विवाह आणि लगोलग चीन. तिथे १९०० च्या बॉक्सर बंडात तिएनत्सिनच्या वेढ्यात हे दांपत्य अडकले होते. चाळिशीपर्यंत खाण-अभियंता म्हणून हूव्हर यांनी अमाप पैसा मिळवला आणि मग पैसा मिळवणे जवळपास सोडूनच दिले. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले तेव्हा जर्मनांच्या टाचेखालील बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समधल्या सुमारे ९० लाख लोकांना धान्य पोहोचवण्याची यंत्रणा त्यांनी उभी केली. १९२१ नंतर रशियात दुष्काळ पडला. बोल्शेविकांची राजवट त्यांना मुळीच मान्य नव्हती, तरी त्यांच्या संस्थेने तिथेही अन्नछत्रे उघडली. ऐन भरात तिथे रोज एक कोटीहून अधिक माणसे जेवत होती. भुकेल्यांना जेवू घालणारा माणूस म्हणून जगभर झालेले हे नाव पुढची हकिकत वाचताना ध्यानात ठेवायला हवे.

१९२८ ची निवडणूक हूव्हर यांनी प्रचंड मताधिक्याने जिंकली. त्यांच्या आधीचे अध्यक्ष कॅल्व्हिन कूलिज यांनी १९२७ च्या उन्हाळ्यात साऊथ डाकोटातल्या ब्लॅक हिल्समध्ये सुट्टी घालवताना ट्राऊटला चक्क गांडूळ लावले होते आणि त्यावरून देशभरचे फ्लायवाले चवताळून उठले होते. ज्या ओढ्यात कूलिज मासे धरत, त्यात आधीच गुपचूप मासे आणून सोडलेले असत, ही गोष्ट नंतर बाहेर आली. हूव्हर यांना असल्या आयत्या माशांचे सोयरसुतक नव्हते. मासेमारी-प्रेमींच्या ‘आयझॅक वॉल्टन लीग’चे ते मानद अध्यक्ष होते. नद्यांचे प्रदूषण आणि मत्स्यबीज यांवर त्यांनी केलेली भाषणे आकडेमोडीने भरलेली असत आणि तितकीच विनोदानेही. चाव्यामागून चाव्यापर्यंत सामान्य अमेरिकन माणसाला किती काळ ताटकळावे लागते, हा त्यांच्या दृष्टीने राष्ट्रीय धोरणाचा प्रश्न होता.

शपथविधी ४ मार्च १९२९ ला झाला. काटकसर म्हणून अध्यक्षांची ‘मेफ्लॉवर’ ही आलिशान नौका त्यांनी लगेच मोडीत काढली. पण वॉशिंग्टनचा दमट उन्हाळा टाळायला काहीतरी हवेच होते. त्यांच्या अटी तीन होत्या. जागा राजधानीपासून शंभर मैलांच्या आत असावी, डास चढू नयेत म्हणून समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर असावी आणि दारात ट्राऊटचा ओढा असावा. व्हर्जिनिया राज्याच्या संवर्धन आयोगाचे प्रमुख विल्यम कार्सन यांनी मॅडिसन काऊंटीतली एक जागा सुचवली. मिल प्रॉन्ग आणि लॉरेल प्रॉन्ग हे दोन ओढे जिथे एकत्र येतात आणि रॅपिडॅन नदी जन्म घेते, ते हे ठिकाण. नदीच्या नावात इंग्लंडची राणी अ‍ॅन दडलेली आहे. ‘रॅपिड अ‍ॅन’, म्हणजे धावती अ‍ॅन, याचेच पुढे रॅपिडॅन झाले.

हूव्हर यांनी तिथली १६४ एकर जमीन एकरी पाच डॉलर दराने स्वतःच्या खिशातून विकत घेतली. बांधकामाचे साहित्यही त्यांच्याच पैशाने आले. श्रम मात्र मरीन सैनिकांचे होते. डोंगरात रस्ता काढणे आणि घरे उभारणे हा सैनिकी प्रशिक्षणाचाच भाग, असे त्याचे समर्थन केले गेले. ते सगळ्यांनाच पटले असेल असे नाही. शक्यतो झाडे न तोडता लाकडाच्या तेरा साध्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांच्या आराखड्यावर नजर होती ती लू हूव्हर यांची. घोड्यावर मांड टाकून रानोमाळ हिंडणाऱ्या, गर्ल स्काऊट चळवळीत मुरलेल्या या बाईंना तंबूतल्या मुक्कामाची सवय होती. भिंतींना रंग नाही, दगडी चुली, मोठमोठे ओटे. अध्यक्षांच्या घराला नाव पडले ‘ब्राऊन हाऊस’. मोडीत काढलेल्या नौकेवरचे फिलिपिनो खानसामे इथल्या स्वयंपाकघरात आले.

शुक्रवारी किंवा शनिवारी मोटारींचा ताफा वॉशिंग्टनहून निघे आणि तीनेक तासांत डोंगर चढे. अध्यक्ष उतरल्या उतरल्या, कित्येकदा कपडेही न बदलता, ओढ्याकडे जात. रॅपिडॅनचे पाणी स्फटिकासारखे. भोवती हेमलॉक वृक्षांची गर्द सावली आणि जूनमध्ये फुलणारे पहाडी लॉरेल. तिथला मासा ब्रूक ट्राऊट. शास्त्रज्ञ त्याला खरा ट्राऊट मानतच नाहीत, तो ‘चार’ कुळातला. हिरवट पाठीवर वाळवीने कोरल्यासारखी नक्षी, कुशीवर निळ्या वलयातले तांबडे ठिपके आणि परांना पांढरी किनार. शरद ऋतूत नराचे पोट नारिंगी होते. आकार म्हणाल तर वीतभर. या इटुकल्या माशासाठी जगातल्या एका बलाढ्य सत्तेचा प्रमुख शेवाळलेल्या दगडांवरून तोल सावरत तासन्तास चालत असे. माशांना डोह हवेत म्हणून दगड रचून लहान बांध घालण्याचाही त्यांना नाद होता. पाहुणे त्यात आपसूक ओढले जात. सेनापती, मंत्री, संपादक असे सारे बाह्या सारून धोंडे वाहत. अटलांटिक एकट्याने ओलांडणारे वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग हेही सपत्नीक पाहुणचाराला येऊन गेले.

अध्यक्षाला खासगी असे काही उरत नाही, ही हूव्हर यांची नेहमीची तक्रार. त्यांच्या मते लोक अध्यक्षाचा एकांत केवळ दोन प्रसंगी मानतात, एक प्रार्थनेच्या वेळी आणि दुसरा मासे धरताना. आणि सदासर्वकाळ प्रार्थना करता येत नाही. माशांच्या लेखी सगळी माणसे सारखीच, हा त्यांचा दुसरा लाडका सिद्धांत. तेव्हा ते गंमतीने बोलत होते असे वाटे. पुढे त्याला निराळाच अर्थ आला.

१० ऑगस्ट १९२९ हा त्यांचा पंचावन्नावा वाढदिवस. त्या दिवशी डोंगरातला एक अनवाणी मुलगा भेट म्हणून पिंजऱ्यात ऑपॉसम घेऊन आला. हा घुशीएवढा, पोटाशी पिल्लांची पिशवी असलेला प्राणी. बोलता बोलता कळले, की मुलाला लिहिता-वाचता येत नाही आणि आसपास शाळाच नाही. राजधानीपासून तीन तासांच्या अंतरावरची ही अवस्था. हूव्हर पतिपत्नींनी पदरमोड करून शाळा बांधली, शिक्षिका शोधून आणली आणि फेब्रुवारी १९३० मध्ये ती सुरू झाली. अक्षरओळखीसाठी मुलांबरोबर काही थोरली माणसेही येऊन बसत.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस ब्रिटनचे पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड छावणीत आले. पदावर असताना अमेरिकेला भेट देणारे ते पहिलेच ब्रिटिश पंतप्रधान. एक लोहाराचा अनाथ मुलगा, दुसरा स्कॉटलंडमधल्या एका मोलकरणीचा मुलगा. ओढ्याकाठच्या पडलेल्या ओंडक्यावर बसून दोघांनी युद्धनौकांची संख्या कशी आवरता येईल यावर बोलणी केली. त्यातून पुढच्या जानेवारीत लंडनची नौदल परिषद भरली आणि २२ एप्रिल १९३० रोजी करार झाला. तो फार काळ टिकला नाही ही गोष्ट वेगळी. हूव्हर यांच्या कारकिर्दीतला तो कदाचित सर्वांत उजळ शनिवार-रविवार असावा. तीन आठवडेही झाले नाहीत तोच न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला.

त्यानंतर रॅपिडॅनला जाणे थांबले नाही, पण तिथली हवा बदलली. ओंडक्यावरच्या गप्पांची जागा बँका, गहू आणि बेकारी यांवरच्या बैठकांनी घेतली. डोंगरातून दूरध्वनीची तार खेचलेली होतीच. १९३० च्या उन्हाळ्यात भीषण अवर्षण पडले, ओढे आटले. त्या पर्वतराजीच्या माथ्यावरून एक रस्ता जावा, ही कल्पना हूव्हर यांना तिथल्याच एका फेरफटक्यात सुचली. दुष्काळी कामाच्या निधीतून १९३१ मध्ये ‘स्कायलाईन ड्राईव्ह’चे काम सुरू झाले आणि आसपासच्या शेतकऱ्यांच्या हाताला मजुरी मिळाली. आपल्याकडच्या दुष्काळी कामांची आठवण व्हावी असाच तो प्रकार.

पण थेट मदत मात्र केंद्र सरकारने व्यक्तीच्या हाती द्यायची नाही, शेजाऱ्याने शेजाऱ्याला सावरावे, मग गावाने, मग राज्याने, यावर हूव्हर अडून बसले. परमुलखातल्या लाखोंना अन्न देताना जे हात कचरले नाहीत ते स्वतःच्या देशात का आखडले, या प्रश्नाभोवती त्यांचे चरित्रकार आजही घुटमळतात. स्वयंसेवेवरची ती क्वेकर श्रद्धा होती, असे काही म्हणतात. आकडे सुधारतील या भरवशावर राहिलेल्या अभियंत्याचा हट्ट होता, असे इतर. दोन्ही खरे असावे. भुकेची रांग त्यांनी आधी पाहिली होती ती युद्धाने वा पिके बुडाल्याने लागलेली. कारखाने, धान्य, रेल्वे सारे जागच्या जागी असताना लागलेली रांग त्यांच्या हिशेबात बसत नव्हती. बेघरांच्या पत्र्याच्या वस्त्यांना लोक ‘हूव्हरव्हिल’ म्हणू लागले, अंगावर पांघरायच्या वर्तमानपत्रांना हूव्हरचे ब्लँकेट आणि उलट्या केलेल्या रिकाम्या खिशाला हूव्हरचा झेंडा. जुलै १९३२ मध्ये भत्ता मागायला राजधानीत जमलेल्या माजी सैनिकांना जनरल मॅकआर्थर यांनी संगिनी आणि अश्रुधूर वापरून हुसकले. मॅकआर्थर यांनी अध्यक्षांच्या आदेशाची मर्यादा ओलांडली होती, पण हूव्हर यांनी दोष स्वतःच्या माथी घेतला. ताठ कॉलरीतले ते मासे धरणारे छायाचित्र आता लोकांना पाहवेना. नोव्हेंबरमध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी त्यांना ४७२ विरुद्ध ५९ अशा निर्वाचक मतांनी हरवले.

पद सोडताना हूव्हर यांनी ती छावणी, पुढच्या अध्यक्षांच्या उपयोगी पडावी या इच्छेने, होऊ घातलेल्या शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानासाठी देऊन टाकली. रूझवेल्ट १९३३ मध्ये एकदा येऊन गेले. खडबडीत पायवाटा त्यांच्या चाकाच्या खुर्चीला सोयीच्या नव्हत्या. १९४२ मध्ये त्यांनी मेरीलँडच्या डोंगरात वेगळी जागा निवडली, तीच आजची कॅम्प डेव्हिड.

उद्यान मात्र १९३५ च्या अखेरीस आकाराला आले आणि त्याची किंमत मोजली ती डोंगरातल्या माणसांनी. व्हर्जिनिया राज्याने १९२८ च्या कायद्याने सरसकट भूसंपादन केले होते. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारी चारशेहून अधिक कुटुंबे उठवली गेली. कित्येकांकडे जमिनीचे कागदच नव्हते, मग मोबदला कुठला? हूव्हर पतिपत्नींनी ज्यांच्या मुलांसाठी शाळा बांधली त्या वस्त्याही उठल्या आणि शाळेला मुलेच उरली नाहीत. धरणग्रस्तांच्या कहाण्या ऐकत आलेल्या मराठी वाचकाला यात अपरिचित असे काही वाटणार नाही. आज तिथल्या गर्द रानात फिरताना मधेच एखादी दगडी चूल किंवा सफरचंदाचे रानटी झालेले झाड दिसते.

हूव्हर त्यानंतर एकतीस वर्षे जगले. पहिली बारा वर्षे वॉशिंग्टनने त्यांना वाळीत टाकल्यासारखीच काढावी लागली. ऑरेगनच्या मॅकेन्झीसारख्या नद्यांवर ते पुन्हा जाऊ लागले. जानेवारी १९४४ मध्ये लू गेल्या. दुसरे महायुद्ध संपल्यावर अध्यक्ष ट्रूमन यांना जागतिक अन्नटंचाईने ग्रासले तेव्हा आठवण झाली ती या माणसाची. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, १९४६ मध्ये, हूव्हर काही महिन्यांत ३८ देश फिरले. त्या एप्रिलमध्ये ते भारतातही आले होते. बंगालच्या दुष्काळाला तीनच वर्षे झाली होती आणि दक्षिणेत पुन्हा धान्याची ओढ होती. कुणाकडे किती धान्य आहे आणि कुठे किती कमी पडते आहे, याचा ताळेबंद मांडण्याचे त्यांचे ते जुनेच काम होते, आणि ते त्यांच्याइतके नेटके कुणालाच जमत नव्हते. त्या वेळी त्यांच्याविषयी अमेरिकेत पुन्हा बरे बोलले जाऊ लागले.

उतारवयात ओढ्यातल्या निसरड्या दगडांवर पाय ठरेनात, तेव्हा ते फ्लोरिडाच्या उथळ समुद्रात होडीतून बोनफिशच्या मागे जाऊ लागले. कॉलर आणि टाय तिथेही सुटला नाही. १९६३ मध्ये, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, त्यांचे मासेमारीवरचे छोटेखानी पुस्तक आले. मासे धरण्याने आत्मा धुऊन निघतो असे सुचवणारे त्याचे नाव होते. महामंदीचा त्यात हिशेब नाही, कुणावर ठपका नाही. आयोवातली सुतळी आहे, गांडुळावरचे थुंकणे आहे आणि पिसांच्या त्या तीन माश्या आहेत. २० ऑक्टोबर १९६४ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. दफन वेस्ट ब्रँचला, जन्मघरापासून दिसेल अशा टेकाडावर झाले. सर्वाधिक काळ माजी अध्यक्ष राहण्याचा त्यांचा विक्रम २०१२ मध्ये जिमी कार्टर यांनी मोडला. योगायोग असा, की कार्टर हेही फ्लाय फिशिंगचे वेडे होते आणि अध्यक्षपदी असताना ते रॅपिडॅनच्या छावणीत जात असत.

तेरा इमारतींपैकी आता तीनच उभ्या आहेत. ब्राऊन हाऊस पूर्वीच्या रूपात आणून ठेवले आहे. तिथवर बहुतेकांना पायीच उतरावे लागते. हेमलॉकचे ते प्रचंड वृक्ष एका परदेशी किडीने बहुतांशी संपवले, त्यामुळे ओढ्यावर आता पूर्वीपेक्षा अधिक ऊन पडते. ब्रूक ट्राऊट अजून आहेत. त्यांना कृत्रिम आमिषावरच धरायला परवानगी आहे, गळ एकाच टोकाचा हवा आणि हाती आलेला मासा तिथल्या तिथे पाण्यात सोडून द्यावा लागतो.